भुताचं तोंड फुकट दाखवायचं नसतं

भुतावर माझा विश्वास नाही. हे वाचून झाल्यावर खाली कुणी ‘आजींना दर्शन झालं’ वगैरे लिहिणार असेल, तर त्यानं आत्ताच उठावं आणि आपल्या कामाला लागावं.

माझं नाव तारा. वय चौऱ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत. भिंगारला जुन्या बाजाराच्या मागं दोन खोल्यांत राहते. नात सायली या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचते आणि मग दिवा चालू ठेवून झोपते. तिनंच लिही लिही म्हणून धोशा लावला. मी वहीत लिहिलंय, तिनं मोबाईलवर उतरवलंय. शब्द बदलायचा नाही, अशी तिला ताकीद आहे.

आम्ही बौद्ध. मी पाच-सहा वर्षांची असताना वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घरातले देव टोपलीत भरून प्रवरेत सोडले. घरी येऊन आम्हा तिघा भावंडांना म्हणाले, “देव गेले, त्यांच्या मागं भुतंबी गेली. आजपासून अंधाराला भ्यायचं न्हाई.” मी भ्यायले नाही. नवरा मेल्यावर एकटी राहिले, तरी भ्यायले नाही.

आणि तरी माझ्याकडे भुतांचे एकसष्ट फोटो आहेत. खरे नव्हेत, पिक्चरचे. जुन्या भुताच्या पिक्चरचे फोटो टॉकीजबाहेर काचेत किंवा फळीवर लावायचे, ते. मागं पुण्याहून दोन जण आले होते. ते त्याला ‘लॉबी कार्ड’ म्हणतात. “आजी, ग्रेट कलेक्शन आहे,” म्हणाले. मग एकानं विचारलं, “पण हे चेहऱ्यांवर कागद का चिकटवलेत? डॅमेज झालंय सगळं.” आणि नखानं एक कोपरा उचकटायला लागला. मी त्याच्या हातावर लाटणं ठेवून दिलं. पुन्हा आले नाहीत.

तो कागद का, ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा नवरा गंगाराम टुरिंग टॉकीजमध्ये बोर्डवाला होता. जत्रेत तंबू ठोकायचा, पडदा बांधायचा, पिक्चरची पेटी एस.टी.नं आली की तिच्यातले फोटो काढून दारातल्या फळीवर लावायचे, हे त्याचं काम. मारामारीचा पिक्चर असला तर फोटो तसेच लावायचे. भुताचा असला तर आधी भुताच्या तोंडावर बदामी कागद चिकटवायचा आणि त्यावर तांबड्या शाईनं लिहायचं – ‘आत पाहा’. गंगाराम म्हणायचा, “भुताचं तोंड फुकट दाखवायचं नसतं. तोंड बाहेर बघितलं तर तिकीट कोण काढील?” मालकानं त्याला शिकवलं होतं, मालकाला त्याच्या बापानं. लोक त्या कागदाकडे बघत उभे राहायचे, आणि मग आत यायचे.

कागद चिकटवायची खळ मी शिजवायचे. मैदा, पाणी, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि कागद सुटू नये म्हणून सरसाचा खडा. ती खळ अशी बसायची की पुढं कागद काढायला गेलं तर खालचं तोंडही कागदाबरोबर यायचं. माझी खळ तंबूत नावाजलेली होती. नऊ वर्षं मी ती शिजवली. त्या खळीखाली कोण आहे हे मला माहीत नव्हतं.

माझी मोठी बहीण कला. मी तिला अक्का म्हणायचे. चार वर्षांनी मोठी. वडील राजूरला सरकारी कचेरीत शिपाई होते, तेव्हा आम्ही तिथं राहायचो. लहानपणी गवत कापताना माझ्या हातचा विळा अक्काच्या डाव्या भुवईला लागला होता. भुवई मधून तुटली, ती तुटलीच. “दगडावर पडले,” असं तिनं घरी सांगितलं, म्हणून मी वाचले. उजवा हात एकदा मोडून वाकडा बसला होता, म्हणून ती हंडा डाव्या कमरेवर घ्यायची आणि चालताना उजवीकडं झुकायची. सगळ्या गावात तशी चालणारी ती एकटीच.

ती अठरा वर्षांची असताना धरणाकडं पिक्चरचं शूटिंग आलं. गर्दीत हंडे घेऊन चालायला गावातल्या पोरी घेतल्या. अक्का तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी त्यांची बस मुंबईला निघाली, त्यात ही बसली.

वडिलांनी आठ दिवस वाट पाहिली आणि मग जिवंत पोरीचा जलदान विधी केला, आमच्यात माणूस मेल्यावर करतात तो. लोकांना बोलावून, रीतसर. अंधश्रद्धा नको म्हणून देव बुडवणारा माणूस – पोरगी पिक्चरमध्ये गेली म्हणून तिला मेली ठरवून मोकळा झाला. आम्हा बहिणींचा संगमनेरच्या स्टुडिओत काढलेला एकच फोटो होता. तो चुलीत घातला. मी त्यात होते. मीही जळाले. आई पदर तोंडात धरून बसली. दादा, आमचा थोरला भाऊ, तेव्हा मास्तरकीचं शिकत होता. तो वडिलांच्या शेजारी ताठ बसला होता. मी चौदा वर्षांची होते. मला तेव्हा जो राग आला तो अजून तसाच आहे, हे आधी सांगायला हवं होतं.

पुढं माझं लग्न झालं आणि मी तंबूबरोबर फिरायला लागले. मी पंचवीसेक वर्षांची असेन, एका जत्रेत भुताचा नवा पिक्चर आला. गंगारामनं सगळ्या फोटोंवर कागद मारले. मी भाकरी उरकून इंटरवलनंतर बायकांच्या बाजूला जाऊन बसले. पडद्यावर भूत आलं. पांढरं पातळ, तोंडाला पीठ फासलेलं, डोळ्यांभोवती काजळ, पुढं केस. बायका पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या. भुताच्या डाव्या कमरेवर हंडा होता आणि ते उजवीकडं झुकून चालत होतं.

मी उभी राहिले. मागची बाई म्हणाली, “ए भवाने, खाली बस की. तू काय काचंची हायस का?”

खेळ सुटल्यावर गंगारामला सांगितलं. तो म्हणाला, “इंटरवलच्या आधी यायचं व्हतं. आधी ती साधी बाई असती. हिरीवर पाणी भरती, कोरं तोंड. मग तिला हिरीत ढकलत्यात.”

“मग तो फोटो कुठं हाय?”

“फळीवर.”

होता. विहीर, काठावर हंडा घेतलेली पोरगी, हिरवं पातळ. आणि तोंडावर बदामी कागद. ‘आत पाहा’.

“ह्यात तर ती भूत न्हाई, मग कागद कशाला?”

“बाई तीच ना,” गंगाराम म्हणाला. “मला काय ठावं तुझी भन हाय म्हणून.”

सकाळी पिक्चरची पेटी पुढच्या गावाला जायची होती. फोटो परत पाठवावे लागायचे. गंगारामनं तो एक पाठवला नाही, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. म्हणून गंगारामवर माझा राग अर्धाच आहे.

मी तो फोटो घेऊन संगमनेरला गेले. वडील तोवर दादाकडे राहायला आले होते, दादा तिथं मास्तर झाला होता. वडिलांनी फोटो पाहिला आणि भिंतीकडं तोंड केलं. दादा मला स्टँडवर सोडायला आला. रस्त्यात म्हणाला, “तारे, कला गेली. मुंबईवरून पत्र आलं होतं. आता हा विषय परत काढू नको.”

मी विचारलं, “कशानं गेली?”

“आजारानं,” म्हणाला. त्यानं मला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून केळी दिली. मी ती भिंगारपर्यंत मांडीवर धरून आणली.

तेव्हापासून फोटो गोळा करते. भंगारवाल्याकडून, बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावरून, जुन्या बाजारातून. अक्का पाच-सहा भुताच्या पिक्चरमध्ये होती, सगळ्यांत भूतच. आपल्या भागातून मिळालेल्या फोटोंवर कागद, बाहेरून मिळालेल्यांवर पीठ आणि केस. कोरं तोंड एकाही फोटोत नाही. विहिरीच्या त्या फोटोची दुसरी प्रत चाळीस-पन्नास वर्षांत कुठं सापडली नाही. सायलीनं मोबाईलवर तो पिक्चर शोधला, तोही नाही.

आणि खरं सांगायचं तर मला अक्काचं तोंड आठवेनासं झालं होतं. भुवई आठवते, चाल आठवते, आवाज आठवतो, तोंड नाही. साठ वर्षं झाली. मला एकदा ते तोंड बघायचं होतं, बाकी काही नको होतं. विहिरीच्या फोटोवरचा कागद काढता येत नव्हता, कारण खळ माझी होती आणि ती कशी बसते ते मला माहीत होतं. दुसऱ्या एका फोटोवर करून पाहिलं होतं. कागद निघाला, खाली पांढरा पुठ्ठा राहिला.

आता या उन्हाळ्यातली गोष्ट. सोमवार, दुपारचे चार. मी बाहेरच्या खोलीत बाजरी निवडत बसले होते. विहिरीचा फोटो समोरच्या भिंतीवर, मी स्वतः बसवलेल्या काचेच्या चौकटीत. शेजारची शबिरा दळण घेऊन दारात आली, तशी मी सुपातून मान वर केली.

चौकटीच्या आत, खालच्या पट्टीवर, बदामी कागद पडला होता. अख्खा. ‘आत पाहा’ ही अक्षरं समोर.

काच जागेवर, तिच्यावर दारातलं ऊन चमकत होतं, म्हणून वरचं काही दिसत नव्हतं. पहिल्यांदा मला सायलीचा संशय आला. तिला आतून बोलावून शिव्या घातल्या. ती रडकुंडीला आली. म्हणाली, “आजी, मी हातसुद्धा लावला नाही गं.” मग मी चौकट उतरवली. मागचे खिळे जागेवर, त्यांच्यावरचा गंज जागेवर. ते पक्कडीनं काढले, कागद हातात घेतला. मागच्या बाजूला वाळलेली खळ होती, मोरचुदाची निळसर झाक असलेली. त्या खळीला फोटोचा एक कणही चिकटलेला नव्हता.

मग फोटो पाहिला.

विहीर तीच. हिरवं पातळ, डाव्या कमरेवर हंडा, तरण्या पोरीचे दंड. आणि मानेच्या वर म्हातारी बाई. पांढरे केस, बसलेली गालफडं, डाव्या भुवईत मधोमध खाच. डोळ्यांवर चष्मा, आणि चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं गुंडाळून बांधलेली. ती समोर बघत होती. भुतासारखी नाही, दार उघडलं की माणूस बघतो तशी.

शबिरा माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “ताराबाई, ह्या तर तुम्हीच आहात. हा कधी काढला?”

“माझ्या भुवईला खाच हाय का? नीट बघ.”

तिनं माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि खाली बसली.

“आणि चष्म्याला काय बांधलंय ते बघून ठेव,” मी म्हणाले.

“दोरा. काळा दोरा आहे. हे काय आहे बाई?”

सायलीनं मोबाईल काढला. मी तिच्या हातावर मारलं. आज ती म्हणते, आजी, फोटो काढू दिला असता तर पुरावा असता. असता. पण अक्काचं तोंड साठ वर्षांनी दिसलं होतं आणि ते लगेच चार गावांत फिरवायला मी बोर्डवाली नाही. मी चौकट तशीच उघडी, पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि वर साडी घातली.

भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही. मला राग आला. मेलेली बहीण म्हातारी कशी होईल? मेलेलं माणूस आहे तिथं थांबतं. हिचे केस पांढरे झाले होते, म्हणजे कुणीतरी माझ्याशी खोटं बोललं होतं. दोन दिवस मी एवढाच विचार करत होते.

बुधवारी दादाचा फोन आला. आता त्याचं वय ब्याऐंशी.

“तारे, एक सांगायचंय. कला वारली. सोमवारी दुपारी. चार वाजता चहा मागितला आणि गेली.”

तो म्हणाला, “ऐकतीयस ना?”

“आजारानं का?” मी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. अक्का नाशिककडच्या एका वृद्धाश्रमात होती, अकरा वर्षं. त्याआधी मुंबईत. भुतं करायचं वय गेल्यावर पिक्चरवाल्यांचे कपडे इस्त्री करायची. पत्ता दादाकडे पहिल्यापासून होता. आश्रमाच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही त्याची. वर्षातून एकदा भेटून यायचा. आणि सोमवारी संध्याकाळीच अंत्यविधी उरकून मोकळा झाला होता. “तुला ह्या उन्हात त्रास नको म्हणून,” म्हणाला.

मी फोन ठेवला.

शनिवारी तो स्वतः आला. रिक्षातून उतरला, काठी टेकत. हातात कापडी पिशवी. मी पाणी दिलं, चहा दिला. पाव्हण्याला देतात तसा.

“तुला का सांगितलं नाही म्हणून रागावली असशील,” तो म्हणाला.

“नाही. फार आनंद झालाय.”

“अण्णांनी शपथ घातली होती गं.”

“अण्णा जाऊन तीस वर्षं झाली.”

“मग इतक्या वर्षांनी काय तोंडानं सांगणार होतो?” तो चहाच्या बशीकडं बघत म्हणाला. “एकदा खोटं बोललं की माणूस त्यातच राहतो, तारे.”

“ती विचारायची का माझ्याबद्दल?”

त्यानं बशी खाली ठेवली. मी पुन्हा विचारलं.

“विचारायची. दर खेपेला.”

“मग काय सांगायचास?”

“सांगायचो... की तू तिचं तोंड बघायला तयार नाहीस.”

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मेथी, शेपू, मेथी, शेपू. तो लांब जाईपर्यंत मी थांबले. हात चालला असता तर मी म्हाताऱ्या भावाला मारलं असतं. मारलं नाही, एवढंच माझ्या नावावर लिहा.

त्यानं पिशवी पुढं केली. आत दोन लुगडी, एक कंगवा आणि चष्मा. मी चष्मा बाहेर काढला. डाव्या दांडीला काळा दोरा गुंडाळलेला. मी उठून शबिराला हाक मारली, आणि काही न बोलता चष्मा तिच्या हातात दिला. तिनं तो बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावून परत गेली. दादाला काही कळलं नाही.

तो म्हणाला, “उद्या जलदान विधी ठेवलाय. फुलं वाहायला फोटो पाहिजे. आधारकार्डावरचा मोठा केला, नुसता काळा डाग येतो. तुझ्याकडं तिचे फोटो आहेत ना? एखादा दे. तोंड दिसेल असा.”

“आहे एक,” मी म्हणाले. “बस.”

मी आत गेले. गॅस पेटवला, पातेल्यात मैदा कालवला.

“काही करत बसू नकोस,” तो बाहेरून म्हणाला. “मी जेवून आलोय.”

“तुझ्यासाठी नाही.”

खळ झाली. पेटी उघडली, साडी बाजूला केली. अक्का तशीच बघत होती, चष्म्यातून. मी तिला सांगायचं ते सांगितलं. ते इथं लिहिणार नाही. मग तोच जुना बदामी कागद घेतला, मागची वाळलेली खळ खरवडून काढली, नवी लावली आणि तिच्या तोंडावर नीट बसवला. कोपरे अंगठ्यानं दाबले. फोटो बाहेर आणून दादाच्या मांडीवर ठेवला.

तो चष्मा पुसून बघत राहिला. “तारे, ह्यात तोंड कुठाय?”

“कागदाखाली.”

“मग कागद काढ ना.”

“आमच्या तंबूत नियम होता, भुताचं तोंड फुकट दाखवायचं नसतं. तू तिला दोनदा भूत केलंस. एकदा अण्णांच्या शेजारी बसून, एकदा मला केळी देऊन. आत्ता ते तोंड फुकट बघायला मिळणार नाही.”

तो ओल्या कागदावर बोट ठेवून बसला. म्हातारा माणूस. मला दया आली नाही. त्यानं विचारलं, “हा परत निघतो का?”

“माझी खळ आहे,” मी म्हणाले. “जन्मात निघत नाही.”

रिक्षा आली, तो फोटो ठेवून गेला. रविवारी त्यांनी त्या काळ्या डागाला फुलं वाहिली म्हणे. मी गेले नाही. एका माणसाचा जलदान विधी एकदाच होतो, आणि तो मी चौदाव्या वर्षी पाहिलाय.

आता हे कसं घडलं, त्याचं उत्तर. सायली म्हणते उन्हानं खळ सुकून सुटली असेल. सुटेल, एकवेळ. पण छापलेलं तोंड म्हातारं कसं झालं, आणि मी कधी न पाहिलेला चष्मा त्यावर कुठून आला, हे तिच्या कॉलेजात कुणाला सांगता आलं नाही. मलाही येत नाही. भूत म्हणाल तर मी मानत नाही, अजूनही. मी एवढंच जाणते की जे मला माझ्या सख्ख्या भावानं पन्नास वर्षं सांगितलं नाही, ते एका पुठ्ठ्याच्या तुकड्यानं दुपारी चार वाजता सांगितलं. ज्याला उलगडा करायचा त्यानं करावा, घरी येऊन फोटो मात्र मागू नये.

फोटो परत भिंतीवर लावलाय, कागदासकट. कागदाखाली आता म्हातारी आहे की तरणी, मला माहीत नाही. दादाशी मी एकच खोटं बोलले. त्या दिवशीच्या खळीत मोरचूद घातला नव्हता आणि सरसही नाही. नुसता मैदा आणि पाणी. ओलं फडकं फिरवलं की कागद निघेल.

राग उतरला की काढीन. अजून उतरलेला नाही.